केए २२ की एमएच १२?

लहानपणी आमच्या कॅम्पात एक फुकटचा खेळ होता. संध्याकाळी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे. बेळगावात इतरत्र हा खेळ पाच मिनिटांत संपला असता, कारण जिकडेतिकडे केए २२. पण कॅम्प म्हणजे छावणी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथलंच. त्यामुळे पंजाब, हरियाणा, तमिळनाडू अशा कुठकुठल्या गाड्या दिसायच्या. लांबच्या राज्याला दहा गुण. कोल्हापूरच्या एमएच ०९ ला मात्र एकच, कारण चंदगडकडची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला रोज बेळगावात. वेंगुर्ला रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर गेलं की शिनोळी, तिथे महाराष्ट्र सुरू! लष्कराच्या गाड्यांवर तर राज्यच नसायचं, नंबरात वर तोंड केलेला एक बाण. त्याला किती गुण द्यायचे यावरून आम्हा भावंडांत कायम भांडण.

नंबर म्हणजे नुसता खेळ नाही, हे कळायला मला २०२२ साल उजाडावं लागलं.

आमच्या घरात तेव्हा दोन गाड्या. एक बाबांची मारुती ८००, केए २२. बाबांच्या मते या देशात त्यानंतर गाडी अशी झालीच नाही, जे झाले ते फ्रिज. दुसरी माझी. पुण्यात नोकरी लागल्यावर मी सेकंडहँड घेतलेली छोटी हॅचबॅक, एमएच १२. माझं मत विचाराल तर आपल्याकडे छोटीच गाडी बरी. खडेबाजारात मोठी एसयूव्ही घालणाऱ्या माणसाची मला दया येते. पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर. सकाळी लवकर निघालं की दुपारच्या जेवणाला निपाणीत मावशीकडे, मग तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी करत चहाला कॅम्पात. जाताना डब्यात चटणी, येताना मैत्रिणींसाठी कुंदा.

त्या डिसेंबरात आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. नेमके तेच दिवस. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं होतं. दोन्हीकडच्या एसटी काही काळ थांबल्या. मी निघायच्या तयारीत असताना बाबांचा फोन आला.

"हे बघ, महाराष्ट्राच्या नंबरची गाडी घेऊन बेळगावात येऊ नकोस."

"मग तुम्ही कोल्हापूरला या न्यायला."

मागून आईचा आवाज, "काही नको! ह्यांची गाडी कर्नाटकची. तिकडं काळं फासतील."

मी फोन धरून नुसती उभी राहिले. दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. दोन्हींत मराठीच बोललं जातं. बाबांच्या मागच्या काचेवर तर शिवाजी महाराजांचं चित्र. एकीला अलीकडे यायची चोरी, दुसरीला पलीकडे जायची.

शेवटी तोडगा निघाला निपाणीचा. कोगनोळी ओलांडली की लगेच निपाणी, गाव कर्नाटकातलं, पण मराठी भरपूर. मावशीच्या अंगणात मी गाडी लावली. मावशीने तंबाखू झाकायची जुनी ताडपत्री आणून पार नंबरप्लेटपर्यंत ओढली आणि म्हणाली, "आता कुणाचीच नाही बघ ही." बाबा मारुती घेऊन आले. पाऊण तास गप्पा, एक चहा, आणि आम्ही निघालो. रस्ताभर बाबा फारसं बोलले नाहीत. घाटात तेवढं म्हणाले, "एसी नाही त्याचा हाच फायदा. चढताना अडत नाही."

दवाखान्यात आजी जागी होती.

"गाडी कुठाय तुझी?"

"निपाणीत."

"मग आलीस कशातनं?"

"बाबांच्या मारुतीतनं."

"म्हणजे अजून चालतीय की ती!"

पुढे मला घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी कॅम्पातच राहायला आले. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हा कायदा. मूळच्या आरटीओचा ना हरकत दाखला आणायचा, इथला रस्ता कर भरायचा. कर्नाटकातला कर काही स्वस्त नाही. पण पैशांपेक्षा अवघड गेलं ते बाबांना सांगणं. तरुणपणी दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालणारा माणूस. ते शांतपणे म्हणाले, "जन्मभर आम्ही महाराष्ट्रात जायचं म्हणत आलो. आणि तू महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात घालतेस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. एवढंच म्हणाले, "बाबा, आजीला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी दारात पाहिजे. निपाणीत नको." ते काही बोलले नाहीत. नवीन पाटी लागली त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः लिंबू-मिरची आणली.

आता माझी गाडी केए २२ आहे. मध्यंतरी पुण्याला गेले होते. पेट्रोल पंपावरचा मुलगा पाटी बघून म्हणाला, "मॅडम, कितने का?" मी म्हटलं, "हजाराचं टाक रे." तो खूष होऊन म्हणाला, "तुमचं मराठी भारी आहे हो!" राग आला नाही असं नाही. पण त्याचा तरी काय दोष? त्याने पाटी वाचली, मीही लहानपणी तेच करत होते.

आपल्या मंडळातल्या पुण्या-मुंबईत नवी गाडी घेणाऱ्यांना एक सांगते. २०२१ पासून बीएच मालिका आली आहे. सरकारी नोकरीत असाल, किंवा तुमच्या कंपनीच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर तो नंबर मिळू शकतो आणि राज्य बदलल्यावर पुन्हा नोंदणीचा खटाटोप वाचतो. घ्यायच्या आधी चौकशी करा.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे कुठल्याच राज्याचं नाव नाही? त्या लष्करी बाणासारखं?" मग जरा विचार करून म्हणाले, "बरं आहे. पण आपल्याला नको."

मावशीची ताडपत्री अजून निपाणीतच आहे. आणि माझ्या गाडीला अजून तंबाखूचा वास येतो.