बेरीज कुठे करायची?

मिलीमीटर लहरींवर मोबाइल सेवा चालवणे अवघड, कारण त्या हवेतच विरतात, असा एक पक्का समज आहे. भिंती, झाडांची पाने आणि मुसळधार पाऊस त्यांना अडवतात हे खरे. पण मोकळ्या जागेत शंभर-दोनशे मीटर जाताना हवा त्यांतले जवळजवळ काहीच शोषत नाही. खरी अडचण अँटेनाच्या आकारात आहे. २८ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम १०.७ मिलीमीटर लांबीची, आणि अँटेनाचे माप लहरीवर ठरते. २.८ गिगाहर्ट्‌झच्या तशाच अँटेनापेक्षा त्याची लांबी-रुंदी दहापटीने घटते, म्हणून ऊर्जा टिपणारे क्षेत्रफळ शंभरपटीने. मात्र तेवढ्याच जागेत असे शंभर अँटेना मावतात. मग त्यांनी टिपलेल्या संदेशांची बेरीज कुठे करायची? रिसीव्हर चिपच्या रचनेतला कळीचा निर्णय हाच, आणि मोबाइलपुरते त्याचे उत्तर ‘चिपमध्येच, शक्य तितक्या लवकर’ असे आहे.

शेजारच्या दोन अँटेनांमध्ये अर्ध्या लहरीचे, म्हणजे सुमारे ५.४ मिलीमीटरचे अंतर असते. समोरच्या दिशेपासून ३० अंश कललेली लहर दुसऱ्या अँटेनापर्यंत २.७ मिलीमीटर जास्त चालते. तिला ९ पिकोसेकंद उशीर होतो. एवढ्यात पाव आवर्तन उलटते. चिपमधला फेज शिफ्टर हा फरक भरून काढतो. हव्या दिशेचे संदेश मग एका तालात येऊन एकमेकांना बळ देतात. प्रत्येक अँटेनामागच्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज मात्र स्वतंत्र असल्याने तसा साचत नाही. आठ अँटेना असतील तर संदेशाचे नॉइजशी प्रमाण आठपट सुधारते. या तत्त्वावरचे प्रयोग कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्येच केले होते. सिलिकॉनच्या एकाच चिपवर २४ गिगाहर्ट्‌झचा आठ वाहिन्यांचा रिसीव्हर २००४ मध्ये कॅलटेकमधल्या अली हाजिमिरी यांच्या गटाने बसवला. फेज जुळवण्यासाठी फार काटेकोरपणा लागेल असे वाटते, पण आवर्तनाचे ३२ टप्पे केले, तर चूक ५.६ अंशांपलीकडे जात नाही आणि हव्या दिशेची शक्ती सरासरी अर्ध्या टक्क्यानेही घटत नाही. नको त्या दिशांकडून होणारी गळती तेवढी वाढते.

लवकर बेरजेवर सर्वांत वजनदार आक्षेप डिजिटल पद्धतीच्या समर्थकांचा आहे. प्रत्येक अँटेनाला संदेशाचे आकड्यांत रूपांतर करणारा स्वतंत्र कन्व्हर्टर द्या आणि बेरीज गणिताने करा, असे ते म्हणतात. मग एकाच वेळी अनेक दिशांना कान देता येतो. चिपमध्ये लवकर बेरीज केली, तर एका वेळी एकच दिशा हाती लागते. आक्षेप खरा आहे, पण डिजिटल पद्धतीची किंमत दुहेरी आहे. शेकडो मेगाहर्ट्‌झची पट्टी हाताळणारे कन्व्हर्टर अँटेनागणिक बसवले, तर बॅटरीवर ताण येतो. शिवाय दुसऱ्या दिशेने जोरकस परका संदेश आला, तर लवकर केलेली बेरीज त्याला कन्व्हर्टरच्या आधीच बऱ्याच अंशी खोडते. डिजिटल रचनेत तो पूर्ण जोमाने प्रत्येक कन्व्हर्टरवर आदळतो. मोबाइल टॉवरचे गणित वेगळे, कारण तिथे वीज आणि जागा दोन्ही जास्त. म्हणून तिथे मधला मार्ग परवडतो : अँटेनांचे गट करून गटापुरती बेरीज चिपमध्ये, पुढची डिजिटल. आयबीएम आणि एरिक्सन यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या २८ गिगाहर्ट्‌झच्या मॉड्यूलमध्ये चार चिप ६४ अँटेना सांभाळतात आणि एकाच वेळी दोन झोत घडवतात.

दुसरा आक्षेप वापराचा. फोन धरणाऱ्याचा हातच लहर अडवत असेल, तर एवढा खटाटोप कशाला? म्हणूनच फोनच्या वेगवेगळ्या कडांना एकाहून अधिक मॉड्यूल बसवतात, आणि या लहरींचा भर गर्दीची मैदाने व घरोघरची स्थिर जोडणी यांवर राहतो. भारतातही २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्‌झची पट्टी विकली गेली. कन्व्हर्टरची वीजभूक पुढे कमी होईल, तसतशी बेरजेची जागा डिजिटलकडे सरकेल. परक्या संदेशाचा धक्का मात्र वीज वाचवून टळत नाही. म्हणून लवकर बेरजेचा थोडा तरी वाटा टिकेल, आणि तो किती ठेवायचा हे ठरवण्यातच डिझायनरचा कस लागेल.