आजच घरी? कृत्रिम झडप, लघवीची नळी आणि पहिली रात्र

मंडळी, मघाशी माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लावलं गेलं. खुलासा करतो, मी तत्त्वज्ञानातला डॉक्टर आहे. औषध लिहून देणार नाही, फक्त प्रश्न विचारणार. (हशा)

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ती ग्रंथी काढली की काही पुरुषांची लघवी गळत राहते. खोकला आला, खुर्चीतून उठलं, की कपडे ओले. भाईंदरहून चर्चगेट म्हणजे तासाच्या वरचा प्रवास, लोकलच्या डब्यात शौचालय नाही. मग माणूस लग्नाला जायचा थांबतो, सभेला यायचा थांबतो, आणि कारण सांगतो गुडघ्याचं! स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळांना बरं वाटतं, म्हणून सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. तरीही गळती फार असेल, तर कृत्रिम झडप बसवतात. अमेरिकेत ब्रँटली स्कॉट यांनी 1972 साली ती पहिल्यांदा बसवली.

तिचे तीन भाग. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात एक फुगा आणि वृषणाच्या पिशवीत छोटा पंप. पंप दाबला की पट्ट्यातला द्रव फुग्यात जातो, वाट मोकळी होते. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो.

आता प्रश्न. ऑपरेशननंतर रात्रभर दवाखान्यात ठेवायची पद्धत होती. आता निवडक रुग्णांना त्याच दिवशी सोडतात. मी विचारतो, ती रात्र कशासाठी होती? भूल उतरते का, रक्तस्राव होतो का, दुखणं गोळ्यांनी थांबतं का आणि मुख्य म्हणजे लघवी होते का, हे पाहण्यासाठी. ही उत्तरं संध्याकाळपर्यंत मिळाली, तर रात्रीचं काम झालं. नाही मिळाली, तर घाई करू नये.

नळीचंही तसंच. काही ठिकाणी ती त्याच दिवशी काढून, लघवी झाल्यावर सोडतात; काही ठिकाणी नळीसह घरी पाठवून दुसऱ्या दिवशी काढतात. ती जास्त दिवस का ठेवत नाहीत? पट्ट्याखालचा मूत्रमार्ग नाजूक असतो. आतून नळी, बाहेरून पट्टा, असा दोन्हीकडून दाब नको. मात्र सुजेमुळे लघवी तुंबू शकते. मध्यरात्री पोट फुगलं, थेंबही येईना, तर सकाळची वाट पाहायची नाही. म्हणून घरी जाण्याआधी विचारा: रात्री फोन कुणाला करायचा? सोबत कोण आहे? जिना किती मजल्यांचा? एकटं राहणाऱ्याने 'आजच घरी' याचा हट्ट धरू नये.

विम्याचंही बघा. पॉलिसीत साधारणपणे सलग 24 तास भरती लागते, डे-केअर उपचार त्याला अपवाद असतात. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे आधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक. घरी आल्यावर गळती तशीच राहते! घाबरू नका. जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, झडप मुद्दाम उघडी आणि बंद-स्थितीत, म्हणजे काम न करणारी, ठेवतात. नंतर डॉक्टर ती चालू करतात. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर माणसाला ऑपरेशन फसलं असं वाटतं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पुढे कधी हार्टॲटॅक आला, दुसऱ्याच दवाखान्यात नेलं, तिथे कुणी सवयीने नळी घालायला निघालं, तर मिटलेल्या पट्ट्यातून ती घालताना मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. आधी झडप उघडून तशीच बंद ठेवायची, मग बारीक नळी, तीही थोड्याच वेळासाठी. त्या वेळी आपण बोलू शकू, याची खात्री नाही. म्हणून कार्ड पाकिटात ठेवा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

आपण गुडघ्याचं ऑपरेशन गल्लीभर सांगतो, हे मात्र मुलालाही सांगत नाही. लाज समजू शकतो, मंडळी. पण लाजेपायी जीव धोक्यात घालायचा नाही.