समुद्र न दिसणारे बंदर

रमजानच्या संध्याकाळी मुंबईत आलेल्या माणसाची पावले आपोआप मिनारा मशिदीच्या गल्लीकडे वळतात. मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. त्यात वावगे काही नाही. पण ज्या बंदरामुळे ही सारी वस्ती वसली, ते तिथून पूर्वेला चालत वीसेक मिनिटांवर आहे आणि तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. अस्र ते मगरिब हा दीड-दोन तासांचा वेळ त्यासाठी पुरतो. मात्र सुरुवात समुद्राकडून करावी.

म्हणजे भाऊच्या धक्क्यापासून. आज इथून मोरा आणि रेवसच्या लाँच सुटतात. एकेकाळी कोकणच्या बोटीही इथे लागत; ईदेला गावी निघालेले कोकणी मुसलमान आणि शिमग्याला निघालेले चाकरमानी एकाच डेकवर पथारी पसरत. धक्का सोडून पी. डी'मेलो रोडने दक्षिणेला निघाले की समुद्र नाहीसाच होतो. डावीकडे गोदीची भिंत, उजवीकडे ट्रक. वाडी बंदर, कर्नाक बंदर, मशीद बंदर... नावे सगळी बंदरांची, पाणी कुठेच नाही. याच गोद्यांमधून हाजींची जहाजे जेद्दाहला जात. तो जलमार्ग 1995 मध्ये बंद झाला. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना तेवढा त्या दिवसांची खूण म्हणून उभा आहे.

रूळ ओलांडून सॅम्युएल स्ट्रीटवर आले की आणखी एक गंमत कळते. मशीद बंदरची 'मशीद' मुसलमानांची नव्हेच! मराठी बोलणारे बेने इस्रायली आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत. त्यांचे हे सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले आणि स्टेशनाला नाव त्यावरूनच मिळाले, असे मानतात. दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख आहे हे ठाऊक असलेल्या टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून ते वाचले, अशी कथा सांगतात.

पुढे खजुराचा बाजार. इराकची सुकी, पिवळसर जाहिदी, इराणची काळी, ओलसर मजाफती, मदिनेची अजवा. चाखल्याशिवाय घेऊ नये, आणि रोजा असेल तर चाखता येत नाही, म्हणून जुनी गिऱ्हाइके नुसती दाबून पारखतात. पूर्वी बसऱ्याची खजूर शिडाच्या गलबतांतून इथल्या बंदरांत उतरे आणि गलबते परतताना लाकूड, मसाले घेऊन जात. आता माल न्हावा-शेव्याला कंटेनरमधून येतो. मसाला, साखर, धान्याचा मोठा घाऊक व्यापार केव्हाच वाशीला गेला. मागे राहिले ते अरुंद गाळे आणि सातारा-सांगलीकडचे माथाडी. रमजानचा महिना त्यांना काम देतो. उरलेले अकरा महिने हातगाडी रिकामी उभी राहण्याचे दिवस वाढत चालले आहेत. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. भिंत पडेल, समुद्र दिसेल, फिरायला रस्ता होईल. हवेच आहे ते. पण त्या आराखड्यात हातगाडीला जागा कुठे, हे आताच विचारायला हवे. मागाहून विचारून उपयोग नाही.

मगरिबला अर्धा तास उरला की पश्चिमेला, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीकडे वळावे. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तळ्यावर उभी आहे. तिचा कारभार परंपरेने कोकणी मुसलमानांकडे. त्यांच्यातल्या जहाजवाल्यांना 'नाखुदा' म्हणत. काळ्या दगडाच्या पायऱ्या हौदात उतरतात, पाण्यात मासे आणि कासवे. बाजारातून आलेले रोजेदार बाह्या सारून वजूला बसतात. वर दस्तरख्वान पसरलेले असते आणि प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-तीन खजुरा.