पॉवर वीडर सुरू होत नसल्यास

सोयाबीनचे शेत पेरणीनंतर सुमारे ४५ दिवस तणमुक्त न राहिल्यास उत्पन्न घटते. परंतु वर्षभर पडून राहिलेला पेट्रोलचा पॉवर वीडर नेमका कोळपणीच्या वेळी बंद पडतो, असा अनुभव धाराशिव जिल्ह्यातील अनेक शेतकरी बंधूंना येतो. दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये असतो. साठून राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते व मागे उरलेला चिकट थर जेटचे बारीक छिद्र बुजवितो. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावाही शोषून घेते.

इंजिन केवळ चोकवर चालत असल्यास जेट तुंबला आहे असे समजावे. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असल्यास फ्लोटची सुई तपासावी. काळा धूर येत असल्यास प्रथम एअर फिल्टर स्वच्छ करावा.

इंजिन थंड झाल्यावर, विस्तवापासून दूर, पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी उघडावी. जेट पेट्रोलने धुऊन पंपाने हवा मारावी. छिद्रात तार मुळीच घालू नये. छिद्र मोठे होऊन पेट्रोल जादा जळते.

हंगाम संपताच टाकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. एवढी दक्षता घेतल्यास पुढील कोळपणी खोळंबणार नाही.