ऊन, त्वचा आणि आपल्या सवयी

मनुष्याची एखादी साधी सवयही त्वचेच्या कर्करोगास कारण होऊ शकते, ही गोष्ट दाखवून देणाऱ्यांत आपल्या देशातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली आपल्या सहकाऱ्यासह जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात धोतरामुळे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने कातडी काचते आणि क्वचित तेथे कर्करोग उद्भवतो. काश्मिरात थंडीच्या निवारणार्थ अंगाशी विस्तवाची कांगडी बाळगतात. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर असाच विकार होतो. उन्हात वावरणे हीदेखील एक सवयच होय. तिचा विचार येथे करावयाचा आहे.

सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण असतात. त्यांसच हल्ली अतिनील किरण म्हणतात. ते त्वचेच्या पेशींतील डीएनए या आनुवंशिक द्रव्यास इजा पोहोचवितात. पेशी ही इजा बहुतांशी दुरुस्त करून घेते. जी राहून जाते, ती पुढील पेशींत उतरते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते आणि उतारवयात वसुलीस येते. १९९२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली.

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंजकद्रव्य या किरणांस बव्हंशी अडविते. ऑस्ट्रेलियात गोऱ्या वर्णाचे लोक प्रखर उन्हात राहतात, तेथे हा रोग फार आढळतो. आपल्याकडे त्याचे प्रमाण अल्प आहे. परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे. उलट, ‘आपणांस हा रोग होत नाही’ या समजुतीमुळे रोगी वैद्याकडे उशिरा पोहोचतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच मेलॅनिन नसते वा अत्यल्प असते, अशा पांढऱ्या केसांच्या व फिकट डोळ्यांच्या मुलांस तर हा धोका फार मोठा. त्यांस लहानपणापासून उन्हापासून जपलेच पाहिजे. कोडाची गोष्ट निराळी. कोडाचे डाग उन्हाने लवकर भाजतात हे खरे. परंतु कोड म्हणजे कर्करोग नव्हे, त्याची पूर्वावस्थाही नव्हे. ज्या घरी असे डाग असतील, त्या घराने भय व लज्जा दोन्ही टाकून द्यावी.

आपल्या आदिलाबादच्या उन्हाविषयी एक गैरसमज आढळतो. उष्णता म्हणजेच किरणांचा मारा, असे आपण धरून चालतो. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो तो दुपारी तीनच्या सुमारास. किरणांचा जोर मात्र त्यापूर्वीच, सव्वाबाराच्या आसपास, शिखरास पोहोचलेला असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य येथे अगदी माथ्यावर येतो आणि त्या वेळी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तर किरण प्रखर आहेत असे समजावे. या कसोटीने पाहता कापसाच्या ऐन हंगामात, डिसेंबरातही, येथील मध्यान्हीची सावली उंचीहून किंचित आखूडच असते. गारवा वाटतो म्हणून ऊन निरुपद्रवी ठरत नाही. विरळ ढगांतूनही हे किरण येतात.

उपाय आपल्या वडीलधाऱ्यांच्या पोशाखातच आहेत. मुंडासे, उपरणे, डोक्यावरील पदर व पूर्ण बाह्यांचा सुती सदरा यांची सर मलमास येत नाही. मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगेत उभा असलेला शेतकरी आणि गाठी वाहणारा हमाल यांच्या वाट्यास आपल्याहून अधिक ऊन येते. त्यांच्यासाठी सावलीची सोय करणे हे आपले कर्तव्य होय. मात्र दिवसभर पेढीवर बसणाऱ्याने ऊन सर्वस्वी वर्ज्य करू नये. ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळेच तयार होते आणि त्याची उणीव आपल्या देशात फार आढळते. थोडा वेळ उन्हात हिंडावे; कातडी भाजू देऊ नये.

शेवटी काही खुणा ध्यानी ठेवाव्यात. महिनाभरात न भरणारी जखम, चेहऱ्यावरील वा ओठावरील वाढती गाठ, जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्याने झालेले क्षत, आकार वा रंग बदलणारा अथवा रक्त येणारा तीळ, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती लेपात दिवस घालवू नयेत. तळपायावर किंवा नखाखाली उमटणारा काळा डागही उपेक्षू नये. त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे कारण बहुधा ऊन नसते, पण सावळ्या वर्णाच्या लोकांत घातक मेलॅनोमा तेथेच अधिक आढळतो. त्वचेचा रोग डोळ्यांस दिसतो, हीच त्यातील मोठी सोय. वेळीच दाखविल्यास बहुतेक वेळा लहानशा शस्त्रक्रियेने तो समूळ दूर होतो.