काखेतला कळसा

रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या वहिनी संगणकापुढे बसल्या होत्या. त्या शाळेत भूगोल शिकवतात. पॉवरपॉइंटवर धड्याच्या ८० स्लाइड तयार होत्या. पण शेवटच्या बाकावरून अक्षर दिसत नाही, अशी मुलांची तक्रार होती. सकाळी पहिलाच तास. वहिनी एकेक स्लाइड उघडून अक्षर मोठे करीत होत्या. तासाभरात जेमतेम २० झाल्या होत्या.

हे काम मॅक्रो काही क्षणांत करतो. बाजारात जाणाऱ्या मुलाच्या हाती आपण चिठ्ठी देतो ना, तशीच ही संगणकाला दिलेली चिठ्ठी. पॉवरपॉइंटच्या ‘९७’ या आवृत्तीपासून ती लिहिण्याची भाषा त्यातच आहे. पूर्वी आपली कृती टिपून मॅक्रो आपोआप तयार होई. २००७ च्या आवृत्तीत ती सोय गेली. आता तो स्वतःच लिहायचा.

‘ऑल्ट’ आणि ‘एफ ११’ ही बटणे एकदम दाबली, ‘इन्सर्ट’मधून ‘मॉड्यूल’ घेतले, की कोरा कागद समोर येतो. आज्ञा इंग्रजीत, पण आशय सरळ: प्रत्येक स्लाइड घे, तिच्यावरची प्रत्येक चौकट पाहा, मजकूर असेल तर अक्षर २८ चे कर, नसेल तर पुढे जा.

फाइलची एक प्रत बाजूला ठेवून आम्ही ‘एफ ५’ दाबले. सगळी अक्षरे २८ ची झाली. शीर्षकेसुद्धा! यंत्र सांगितले तेवढेच ऐकते. मूळ प्रत पुन्हा उघडली, ‘शीर्षक वगळ’ अशी अट घातली आणि काम फत्ते. मॅक्रो जपायचा तर फाइल ‘पीपीटीएम’ प्रकारात साठवावी लागते.

मात्र परक्याची चिठ्ठी डोळे मिटून चालवू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोतूनच जगभर पसरला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून रोखायला सुरुवात केली, ती याच धास्तीने. म्हणूनच चार ओळी स्वतःला वाचता आणि लिहिता याव्यात.

अकराच्या सुमारास वहिनींनी त्या ओळी आपल्या टाचणवहीत उतरवून घेतल्या. म्हणाल्या, “भावजी, पुढच्या वेळी मी लिहीन. तुम्ही नुसते शेजारी बसा.”