लस घेऊनही झालाच, मग?
(लेखांक ७)

"लस टोचली, तरी झालाच की! मग काय फायदा?" २०२२ च्या जानेवारीत कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार घराघरांत शिरला, तेव्हा हा प्रश्न चंद्रपुरातही विचारला जात होता आणि भामरागडकडच्या टोल्यांवरही. प्रश्न रास्त आहे. "लसीमुळे आजार सौम्य होतो" हे उत्तर खरं आहे, पण ते अर्धंच. का सौम्य होतो, हे त्यातून कळत नाही.

दंडावर सुई टोचली की पुढचं बरंचसं काम काखेत चालतं. काहींना लशीनंतर काखेत अवधाण आलं होतं. ते आजाराचं नव्हे, कामाचं लक्षण. तिथल्या लसिकाग्रंथींमध्ये प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची आठवडेच्या आठवडे निवड चालते. विषाणूला अधिक घट्ट धरणाऱ्या टिकतात, बाकीच्या मरतात. टिकलेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं रक्तात प्रतिपिंडं सोडत राहतात. काही नुसत्या आठवण धरून फिरतात. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. लोक म्हणाले, लसच नाही म्हणून तारखा ढकलतायत. तुटवडा खरा होता. पण लांबलेल्या अंतराने या निवडीला वेळ मिळतो आणि प्रतिपिंडं अधिक भरीव होतात, हेही तितकंच खरं. किंमत अशी की डेल्टाच्या काळात एकाच मात्रेवर असलेली माणसं तेवढे दिवस उघडी राहिली.

आता खरी मेख. रक्तातली ही प्रतिपिंडं फुप्फुसात चांगली उतरतात, कारण तिथे रक्त आणि हवा यांच्यात अगदी पातळ पडदा असतो. नाकाघशाची गोष्ट वेगळी. तिथल्या चिकट स्रावात आयजीए नावाची दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं लागतात. दंडातल्या सुईने ती फारशी तयार होत नाहीत, आणि प्रत्यक्ष संसर्गाने झाली तरी काही महिन्यांत ओसरतात. म्हणजे वेशीवरचा पहारा ढिला, पण वाड्याचं दार भक्कम. ही उणीव भरून काढायची म्हणून भारत बायोटेकने नाकात थेंब टाकायची लस काढली. ती २६ जानेवारी २०२३ ला बाजारात आली.

मग गोवराची लस घेतलेल्या मुलाला सहसा गोवर का होत नाही? गोवरही श्वासातूनच पसरतो. उत्तर बरंचसं वेळेत आहे. गोवराचा विषाणू आत शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. आठवण धरलेल्या पेशींना जागं होऊन फौज उभी करायला काही दिवस लागतात, ते या मुदतीत सहज मिळतात. फ्लूला दोनेक दिवस पुरतात, ओमायक्रॉनला तीनेक. फौज उभी राहीपर्यंत नाक वाहू लागलेलं असतं. ती पोचते ती फुप्फुस वाचवायला. शिवाय गोवराचा विषाणू सहसा रूप पालटत नाही, फ्लू आणि कोरोनाचे सतत पालटतात. दोष लशीत शोधण्याआधी विषाणूच्या वेगात शोधावा, असं मला वाटतं.

आठवण किती टिकते? १९१८ च्या फ्लूने भारतात सव्वा कोटीहून जास्त माणसं नेली, असे अंदाज आहेत. जबर फटका बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता, आणि आजचे चंद्रपूर-गडचिरोली मिळून तेव्हाचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात. त्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचं रक्त अमेरिकेत तपासलं गेलं. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्यातल्या काहींच्या बी पेशी १९१८ च्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं बनवत होत्या. पुढच्याच वर्षी स्वाइन फ्लू आला. पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, तो शाळकरी मुलीचा. जगभरच त्या साथीत म्हातारी माणसं तुलनेने कमी सापडली, कारण त्या विषाणूच्या जुन्या भाऊबंदांशी त्यांची लहानपणी गाठ पडलेली होती.

लशीनंतरच्या तापाकडे मात्र शहरातल्या नजरेने पाहू नये. सर्वांत आधी जागी होणारी यंत्रणा ढोबळ असते. ती रसायनं सोडते, अंग मोडून येतं, ताप चढतो. ताप नाही आला म्हणजे लस लागली नाही, असंही नव्हे. पण ४५ वर्षांवरच्या सर्वांसाठी लस १ एप्रिल २०२१ ला खुली झाली, तो मोहफुलं वेचण्याचा काळ, मागोमाग तेंदूपत्ता. या हंगामात दोन दिवस अंथरुणात गेले तर कमाई बुडते. त्यात गडचिरोलीत ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो. "एक-दोन दिवस ताप येईल" हे माडिया बोलीत, आधीच सांगणं हा म्हणूनच लसीकरणाचा भाग ठरतो.

काहींच्या बाबतीत ही संरक्षणाची फळी मुळातच विरळ असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि न्यूमोनियाचे जिवाणू रक्तातून गाळायचं काम तिचंच. विषाणूने फुप्फुसाचं अस्तर सोलून ठेवल्यावर हेच जिवाणू घुसतात. १९१८ चे बहुतेक बळी असेच गेले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फळीही विरळच, कारण आईकडून मिळायची प्रतिपिंडं मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून उतरतात.

या फळीला खिंडार पडल्यावर काय करता येतं, ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतच १९८८ पासून दाखवलं. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी आणि दायांनी मुलांचे श्वास मोजले, न्यूमोनिया ओळखला, जिवाणूंवरचं औषध तिथेच दिलं. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मणी आणि मिनिटभराची वाळूची घडी असलेलं साधन होतं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. १९९० मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं.

ही मोजणी घरीही जमते. खोकला असलेलं बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर पोट वरखाली होताना मोजावं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर आशाताईला हाक मारावी आणि दवाखाना गाठावा. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जायच्या दिवसांत तर जरा आधीच निघावं.

(पुढील लेखांकात : गरोदरपणातली लस आणि बाळाचे पहिले सहा महिने)